सोनीने ढवळलेली खीर

मैत्रिणींनो, आळीपाळीने आपल्या सगळ्यांकडे फिरणाऱ्या या वहीत आज जड मनाने लिहितेय.

शहापूरच्या माझ्या बालवाडीत आज आम्हा बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, खिरीचा सण केला. मुलांनीच पेंढ्याचा मांडव शाकारला. नारळाच्या दुधाची खीर गावाबाहेरच्या वाडीतल्या पाच वर्षांच्या सोनीने ढवळली.

वाढणार तोच गावातल्या आया आल्या.

"बाई, तिचा हात लागलेलं आमची पोरं खानार नाय."

मुलांना घेऊन त्या निघून गेल्या. बालवाडी बंद पडेल या भीतीने मी त्यांना अडवलं नाही.

सोनीने तळवे पुढे केले. "बाई, मी हात धुतलेत. बघा ना."

स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली, तरी हे असंच आहे. तिला काय सांगू, तुमच्यापैकी कुणी सांगाल का?