निम्मी खोली भाड्याने देणे आहे

आमच्या बेटावर माणसाला मासे नसले तरी चालतं, खुन्नस मात्र लागतेच. स्वतःचं वाटोळं झालं तरी बेहत्तर, समोरच्याची जिरली पाहिजे! माझी शेजारीण पेरिना आणि तिचा भाऊ येरोलिम तर त्यात मुरलेले. बापाच्या माघारी घर दोघांच्या नावावर निम्मं-निम्मं झालं. आईचं तांब्याचं पातेलं कुणाचं, यावरून भांडण पेटलं आणि येरोलिम वरच्या आळीत स्वतःचं घर घेऊन राहिला. तेव्हापासून बोलणं बंद.

गेल्या शरदात पेरिनाचा नवरा गेला. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला तशी ती मला म्हणाली, "खिडकी वाजली की मी ‘आले, आले’ म्हणून ओरडते गं. वेड लागेल मला. घरात कुणीतरी खोकायला तरी हवं."

टपाल कचेरीत झ्लात्को नावाचा पोरगेला कारकून बदलून आला होता. मागची खोली त्याला भाड्याने द्यायचं पेरिनानं ठरवलं आणि त्याची नोंद करायला मला ओढत करकचेरीत नेलं. मला काय कामं नव्हती का? पण गेले.

"मावशी, घर दोघांचं आहे," तिथली बाई म्हणाली. "भावाची संमती लागेल. भाडं निम्मं तुमचं, निम्मं त्यांचं, करही ज्यानं त्यानं आपापल्या हिश्श्यावर भरायचा. नाहीतर त्यांनी लिहून द्यावं की सगळा व्यवहार तुम्हीच बघा. मग कर तुमच्या एकटीवर."

निरोप घेऊन मीच गेले. येरोलिम सार्डिन मासे साफ करत होता.

"तिचं भाडं मला नको आणि करही मी भरणार नाही," तो म्हणाला.

"मग लिहून दे, तीच भरेल."

"म्हणजे माझ्या निम्म्याचं भाडंही तिलाच? वा रे वा! तिनं आपली निम्मी खोली द्यावी. माझी निम्मी मी देत नाही."

"अरे मेल्या, कुठली निम्मी? डावी की उजवी?"

तो थेट करकचेरीत जाऊन बसला. त्या बाईनं समजावलं की खोल्यांची वाटणी झालेली नाही, तेव्हा घराच्या प्रत्येक विटेत दोघांचा हिस्सा आहे. हा उठेचना. शेवटी तिनं कपाळाला हात लावला. "काका, तुमचा हिस्सा तुम्ही स्वतः वापरत असाल, तर त्यावर भाडं नाही आणि करही नाही. झालं समाधान?"

झालं की! दुसऱ्या दिवशी येरोलिम खाट, शेगडी आणि सार्डिनची बरणी घेऊन हजर. मासे धरायच्या दोरीनं त्यानं खोलीचे दोन भाग केले. खिडकी त्याच्याकडे गेली, दार झ्लात्कोकडे. दारातून आत यायला तो रोज झ्लात्कोची परवानगी मागायचा, आणि झ्लात्को खिडकी उघडायला त्याची.

"पाय आवर, माझ्या हद्दीत आलाय."

"आजोबा, तुमचं घोरणं माझ्या हद्दीत येतं, त्याचं काय?"

पुढे शहरातून कराचा तपासनीस आला. त्यानं दोरी पाहिली, नाक दाबलं आणि विचारलं, "तुम्ही खरंच इथे राहता?"

पेरिना दारात उभी होती. तिच्यादेखत ‘नाही’ म्हणणं येरोलिमच्या बापजन्मात शक्य नव्हतं. "राहतो! कायमचा राहतो!"

"मग या हिश्श्यावर कर नाही," असं लिहून तो गेला. येरोलिमनं मिशीला पीळ दिला. आपण काय बोलून बसलो, आता बहिणीच्या घरातून हलता येणार नाही, हे त्याला जेवायच्या वेळेला कळलं.

झ्लात्को महिनाभर टिकला. मग त्यानं येरोलिमचंच वरच्या आळीतलं रिकामं घर भाड्यानं घेतलं. एकच मालक, सगळं सरळ. करही येरोलिम मुकाट भरतो.

वसंतात त्या पोराच्या जागी दुसरा भाडेकरू मिळत होता, औषधाच्या दुकानातली बाई. येरोलिम बिचारा नरमला होता. माझ्यासमोर त्यानं खिशातून पेन काढलं. "पेरिना, आण तो कागद. देतो संमती, सगळी खोलीच दे तिला. होऊ दे तुझ्या मनासारखं."

पेरिना भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली, त्याच्या हातातलं पेन हिसकावलं आणि खिडकीतून बाहेर फेकलं.

"सही करून जायचंय होय रे तुला?" ती ओरडली. "खबरदार संमती दिलीस तर!"