कलमावर कोणी बोललं नाही

अण्णा परराष्ट्र खात्यात उपसचिव होते. युद्ध थांबलं आणि तहाच्या बोलण्यांना कोणी जायचं, हे ठरवायचं काम त्यांच्या टेबलावर आलं. माणूस पारखायची त्यांची एक रीत होती. उमेदवाराला समोर बसवायचं आणि आपण अवाक्षर काढायचं नाही. चहा निवत जायचा. जो अवघडून आधी तोंड उघडेल, त्याच्या नावावर काट. शांतता सोसवली नाही की माणूस नको ते देऊन बसतो, असं ते म्हणत.

वकिलातीतल्या एक बाई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच म्हणाल्या, आधी बेपत्ता सैनिकांच्या कलमाचं बोलू. अण्णांनी त्यांना हसून वाटेला लावलं. निवडला तो, ज्याला सगळं खातं बर्फाची लादी म्हणायचं. त्याने पापणीसुद्धा हलवली नव्हती.

बोलण्यांतही तो तसाच बसला. पलीकडच्यांनी बेपत्तांचं कलम गाळून मसुदा वाचला. कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे संमती आहे असं धरलं गेलं. परतल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला गप्प बसणाराच हवा होता ना?" त्यात टोमणा नव्हता, तेच अण्णांना जास्त लागलं.

त्या बेपत्तांत अण्णांचा भाचा होता. त्याची आई, अण्णांची विधवा बहीण, त्यांच्याकडेच राहायची. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण ती जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं टाकून नुसती उभी राहायची. पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. हळूहळू जिना रिकामा असतानाही अण्णांना पावलं ऐकू यायला लागली. देवापुढे हात जोडले तरी कान दाराकडेच.

सह्यांआधी एक फेरी उरली होती. अण्णांनी त्या बाईंना पुन्हा बोलावलं. या खेपेला त्या गप्प बसल्या. चहावर साय धरली. शेवटी अण्णांच्याच तोंडून निघालं, "त्यात माझा भाचा आहे."

"हे मला कळलं नसतं तर बरं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "आज ना उद्या समोरच्यांनाही कळेल. त्या एकट्याला परत देतील आणि बाकीच्यांवर पडदा टाकायला सांगतील. मग मी काय करू?"

अण्णांनी कागद पुढे ओढला. "नको म्हणा," ते म्हणाले आणि त्यांनी नेमणुकीवर सही केली.

घरी त्यांनी बहिणीपासून काही लपवलं नाही. "कोणाला विचारून सांगितलंस, अण्णा?" एवढंच ती म्हणाली. ती जेवली नाही. सकाळी मात्र चपला घालून दारात उभी होती. मला त्या बाईंकडे ने, म्हणाली.

बाईंची गाडी निघायच्या बेतात होती. बहिणीने खिडकीतून त्यांचा हात धरला.

"हा म्हणाला तेच करा," ती म्हणाली. "पण त्याला समोर आणलं, तर कसा दिसतो ते मला येऊन सांगा."