फाइलमध्ये लावलेलं कार्ड

रेजिना गेल्याचा निरोप शाळेच्या ग्रुपवर मीच टाकला. ऑफिसचं काम माझ्याकडे, त्यामुळे असे निरोपही माझ्याच वाट्याला येतात. दहा मिनिटांत खाली उत्तरं सुरू झाली... ‘ॲसिडिटीने कोणी जातं का?’, ‘परवापरवापर्यंत तर मुलांचा नाच बसवत होती’, ‘बाहेरचं खाणं बंद करा सगळ्यांनी’. मी मोबाइल उलटा ठेवला. ॲसिडिटी नव्हती, हे त्या ग्रुपमध्ये एकट्या मला माहीत होतं, आणि तेव्हाही मी ते लिहिलं नाही. आज लिहिते आहे, तिच्या सासूबाईंना आणि लेकीला, शेरॉनला, विचारून.

वसईकडच्या नंदाखाल गावातल्या आमच्या शाळेत ती तिसरीचा वर्ग घ्यायची आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायची. घरामागे केळीची वाडी. केळफूल निवडायचा मला कंटाळा, म्हणून ती निवडून, चिरून डब्यातून आणायची आणि माझ्या टेबलावर ठेवताना माझ्या याद्यांवरून एक तरी टोमणा मारायचीच. “बाय, तू वर गेलीस ना, की स्वर्गाच्या दारात नावं तपासणाऱ्या संत पेत्राच्या हातातली वही काढून घेशील. म्हणशील, क्रम चुकलाय!” मी चिडायचे. ती हसत वर्गावर जायची.

या वर्षी तिला पाळी नसतानाही रक्त जायला लागलं. नायगावच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गर्भपिशवीत बारीक गाठ आहे; दुर्बिणीतून काढू, अस्तर खरवडून तपासणीला पाठवू, संध्याकाळी घरी. रेजिनाला ऑपरेशनची भीती नव्हती. भीती होती ती क्युरेटिंग या शब्दाची; अस्तर खरवडण्याला तेच म्हणतात, पण गावात त्याचा अर्थ एकच, गर्भपात. “नवरा सहा महिने बोटीवर, आणि मी क्युरेटिंगला गेले हे कळलं तर गाव बोटांवर महिने मोजेल. मग रविवारी मुलांपुढे कुठल्या तोंडाने उभी राहू?” यावर मी तिला दोन शब्द सुनावायला हवे होते. त्याऐवजी मी काय केलं? यादी केली. कोणाला काय सांगायचं याची. सासूबाई आणि शेरॉन : अक्कलदाढ काढायची आहे. शाळा : बँकेचं काम. नवरा : काहीच नाही. तिने वाचली आणि म्हणाली, “खोटंसुद्धा किती नीट मांडतेस गं!”

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. संमतीच्या फॉर्मवर नातेवाइकाच्या जागी मी सही केली. त्यात लिहिलं होतं, की क्वचित पिशवीला छिद्र पडू शकतं, क्वचित आतड्याला इजा होऊ शकते. मी सगळं वाचलं होतं. ‘क्वचित’ वाचलं की आपण पुढच्या ओळीवर जातो, तशी मीही गेले. दुपारनंतर सिस्टरने डिस्चार्ज कार्ड हातात दिलं आणि बजावलं : पोटदुखी वाढली, ताप आला, उलट्या झाल्या, पोट फुगलं, तर वाट न बघता फोन करा, निघून या. रिक्षात मी तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं. “हो बाय, हो. पण हा कागद घरी नको, आई कपाट आवरतात. तुझ्याकडे ठेव.” मी घरी येऊन त्याला दोन भोकं पाडली आणि फाइलमध्ये लावला. व्यवस्थित.

रविवारी ती चर्चमध्ये शिकवून आली. फोनवर म्हणाली, “दुखतंय, पण दुखणारच ना.” सोमवारी उलट्या सुरू झाल्या. सासूबाई तिला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी विचारलं, काय खाल्लं होतं? तिने सांगितलं, काल जरा तिखट झालं. त्यांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. त्यांचा काय दोष? मी विचारलं, “शनिवारचं सांगितलंस का त्यांना?” तर म्हणाली, “आई शेजारीच बसल्या होत्या गं.” कार्डावरच्या चारांपैकी दोन गोष्टी झाल्या होत्या आणि कार्ड माझ्या कपाटात होतं. मी तेव्हाच रिक्षा करायला हवी होती. मी म्हणाले, “उद्या सकाळी जाऊ या,” आणि मंगळवारच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं : रेजिना, नायगाव. आधीच्या दोन ओळी शाळेच्या अहवालाच्या होत्या.

मंगळवारी सकाळी शेरॉनचा फोन आला, मम्मी नीट बोलत नाही. मोठ्या हॉस्पिटलमध्ये मी फाइल घेऊन पोचले आणि तिथे पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं : मी, डॉक्टरांशी. लगेच ऑपरेशन झालं. आतड्याला छिद्र होतं, जंतुसंसर्ग पोटभर पसरला होता. पाच दिवस झगडली. तिथले सर्जन म्हणाले, “पिशवीचं छिद्र बहुतेकदा आपोआप भरतं. आतड्यापर्यंत जाणं फार दुर्मीळ. पण पहिल्या दिवशी कळलं असतं, तर बहुधा शिवून घरी पाठवलं असतं.” तेव्हापासून मला कोणाचा तरी राग काढायचा आहे. नायगावच्या डॉक्टरांनी धोका सांगितला होता, लिहूनही दिला होता. गावातल्या डॉक्टरांपासून आम्ही लपवलं. मग राहतं कोण?

ती गेल्याला महिना झाला, तेव्हा चर्चमध्ये तिच्यासाठी झालेल्या मिस्सेनंतर, त्या प्रार्थनेनंतर, मी सासूबाईंपुढे सगळं सांगितलं, याद्यांसकट. वाटलं होतं, हाकलतील. त्यांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. मग म्हणाल्या, “मला सांगितलं असतं तर खाल्लं असतं का मी तिला? माझंही क्युरेटिंग झालं होतं. दोनदा.”

“कोणाला माहीत होतं?”

“कोणाला सांगणार? मी पण दाढच सांगितली होती...”

शेरॉन उठून आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. आम्ही दोघींनी तिला थांबवलं नाही.

आता त्या कार्डाच्या पुढच्या बाजूची झेरॉक्स शेरॉनने फ्रिजवर लावली आहे. मूळ कार्ड माझ्याकडेच आहे, कारण त्याच्या मागे रेजिनाचं अक्षर आहे. शनिवारी रिक्षात तिने माझं पेन मागून घेतलं होतं : ‘रविवार. रंगीत खडू. चिक्की, बारा मुलं. नवीन गाणं, दुसरं कडवं पाठ नाही.’ खाली दोन रेघा मारून म्हणाली होती, “बघ, मी पण केली यादी.”

गेल्या आठवड्यात, भर दुपारी, मी कार्डावरचा नंबर लावला. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्याच रिंगला नायगावच्या सिस्टरने उचलला. “बोला ताई, काय त्रास होतोय?” फोन करण्याआधी काय बोलायचं ते मी नेहमी कागदावर लिहून घेते. त्या दिवशी समोर कागद होता, पण त्यावर खडू होते, चिक्की होती आणि न आठवणारं एक कडवं होतं.