डाव्या कानाची परीक्षा

तीस वर्षं मी मालगाड्या चालवल्या. इंजिनात माझी जागा डावीकडे, खिडकीशी. वारा आणि खडखडाट जास्त त्याच कानावर. तो कान कधी मंदावला, कळलंच नाही. आवाज एकदम जात नाहीत. दुपारी डुलकी लागावी तसे एकेक मिटत जातात.

कळलं ते माझ्या सहायक चालक बाईंमुळे. सोलापूर मागे टाकलं होतं. माझ्या डाव्या कानाशी असलेल्या वॉकीटॉकीवर स्टेशन मास्तर काहीतरी बोलले, मी तसाच पुढे बघत राहिलो. बाईंनी माझा खांदा हलवला. "सर, फाटकापाशी रुळावर माणसं काम करताहेत. हळू घ्या! दोनदा सांगितलं त्यांनी." मी ब्रेक लावला. फाटक आलं, वाकलेली माणसं सावकाश बाजूला झाली. काही झालं नाही. उतरल्यावर मी स्वतःच कान तपासायचा अर्ज दिला.

"आदला पूर्ण दिवस गोंगाटापासून लांब राहा," रेल्वेच्या दवाखान्यात तपासणी करणाऱ्या मुलीनं बजावलं. "थकलेला कान खरं सांगत नाही."

म्हणून मंद्रूपला बहिणीकडे गेलो. कडब्याच्या गंजीच्या सावलीत बाजेवर उजवा कान उशीत दाबून पडलो. डोळे मिटले तरी अंग इंजिनातल्यासारखं हलत होतं आणि ज्वारीचं रान दोन्ही बाजूंनी संथपणे मागे सरकत होतं. बहीण जवळ येऊन म्हणाली, "दादा, पाखरं लई कालवा करत्यात की. झोप लागंना व्हय?"

मी पडल्या पडल्या समोरच्या कडुलिंबाकडे पाहिलं. फांद्या हलत होत्या, इवल्या चोची उघडत मिटत होत्या. आवाज मात्र नव्हता. पाण्याखालचं झाड बघावं तसं.

"कुटं गं?" मी विचारलं. तिनं झाडाकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं मला एका बंद खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. "अगदी बारीक आवाज आला तरी दाबा." एका जुन्या सोबत्यानं युक्ती सांगून ठेवली होती: मनात चार मोजायचे आणि आवाज येवो न येवो, दाबायचं. उजव्या कानाला तिची गरज पडली नाही. डाव्या कानात सूर बारीक होत होत विरले आणि मग मऊ, पांढरं काहीतरी पसरलं. अंगठा बटणावर होता. तीन मोजून झाले. तेवढ्यात फाटकापाशी वाकलेल्या त्या पाठी डोळ्यांसमोर आल्या. मी अंगठा उचलला.

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेलं जपू या."

माझं गाडी चालवणं थांबलं. सहायक बाईंना सांगितलं तर त्यांचे डोळे भरले. "माझ्यामुळे झालं का सर?"

"तुमच्यामुळे निभावलं, बाई."

आता मी नव्या चालकांना शिकवतो. पहिल्या तासाला प्रत्येकाच्या हातावर कानात घालायचे दोन बोळे ठेवतो. काही जण हसतात. मी हसू देतो, आणि ते नीट कसे बसवायचे ते दाखवतो.