भरल्या घागरीची चाल

कटंगीच्या स्टँडवर तुमसरची बस लागली. बाबांनी माझी पेटी टपावर चढवली, कंडक्टरला दोनदा बजावलं आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "नागपूरवरून मास्तरीण होऊन ये पोरी. दुसरं काही होऊन येऊ नको." मी "हौ" म्हटलं. साठ-एकसष्टचं साल असावं. बस हलली, माय रडली आणि मी नागपुरात नाच कुठं शिकवतात याचा विचार करत बसले.

तुम्ही गावातच राहिलात, तुम्हाला हे सांगायला नको. पण जे माझ्यासारखे दिल्ली-भोपाळला पांगले, त्यांच्या पोरांसाठी सांगते. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आपल्या जत्रेत, दंडार होते. नाचगाण्याचा खेळ, आणि त्यात बायांची कामं पुरुषच करतात. आमच्या गावची बाई म्हणजे माझे बाबा. वर्षभर धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा हा माणूस दिवाळी आली की मिशा काढायचा. परगावचे पाहुणे हळूच विचारायचे, घरात कोण गेलं? मायचं लग्नातलं लुगडं नेसून, डोक्यावर घागर घेऊन बाबा चालत आले की बाया पदरात हसत म्हणायच्या, "आपल्याले काहून असं चालता येत नाही वं?" मी घरी येऊन तसंच चालून पाहायची आणि पाठीत धपाटा खायची. "पोरीच्या जातीनं नाचू नये," असं बाबा लुगडं सोडता सोडता मला समजावत.

नागपुरात ट्रेनिंग कॉलेजच्या मागच्याच गल्लीत एक बाई कथक शिकवत. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी भरायला निघालेल्या बाईची चाल करून दाखवायला सांगितली. मी चालले. त्या चमकल्या. "कुणाकडे शिकलीस?" मी म्हटलं, "बाबांकडे." त्यांनी आदरानं कानाच्या पाळीला हात लावला. "कुठं असतात ते?" "सध्या चिखलात. धानाचा रोवणा चालू आहे." पण कानाचा हात त्यांनी काढला नाही, हे मी विसरलेले नाही.

मास्तरकीची परीक्षा मी पास झाले आणि बाईंच्या चिठ्ठीवर थेट दिल्ली गाठली. तिथं रियाज, तालीम, खोलीमालकिणीची कटकट, सगळं हिंदीत. आमची बालाघाटकडची हिंदी ऐकून सोबतच्या मुली पोट धरून हसायच्या. एकदा माझा नाचतानाचा फोटो पेपरात छापून आला आणि कटंगीच्या कुणा व्यापाऱ्यानं त्यात बांधलेला गूळ आमच्या घरी पोचला. महिन्याभरात बाबांचं पोस्टकार्ड आलं. 'आपल्या घरात नाचणारी बाई चालणार नाही. घरी येऊ नको.' तारीख ऐन मंडईची होती आणि कोपऱ्यावर गालाच्या रंगाचं लाल बोट उमटलं होतं. मी आधी खूप हसले, मग खूप रडले. चार दिवाळ्या गेले नाही.

मग बालाघाटलाच कार्यक्रम ठरला. बाबा घरी 'बैलजोडी पाहून येतो' असं सांगून आले आणि दुसऱ्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले. पाणी भरणाऱ्या बाईची चाल करताना मला ते स्टेजवरून दिसले. कार्यक्रम संपल्यावर ते मागे आले. आता काय ऐकावं लागतंय म्हणत मी घुंगरं सोडायला घेतली.

"तुही घागर भरली होती का रिकामी?"

"भरलेली, बाबा."

"मंग कंबर एवढी काहून हालून राह्यली होती? भरली घागर बाईले हालू देते का?"

आणि दिल्लीच्या तबलजीसमोर, धोतर-टोपीत, ते आठ पावलं चालून दाखवून गेले. तबलजीचा हात आपोआप तबल्यावर गेला. आठव्या पावलाला बाबा गुडघा धरून बाकावर बसले. "आता हे ऐकत नाही," ते म्हणाले. "यंदा मंडईले ये. माहं काम तू कर."

गावात केवढा गोंधळ झाला! बाईचं काम बाईनंच केलं तर त्यात पाहायचं काय, असं मंडळाच्या म्हाताऱ्यांनी विचारलं. बाबांनी रुसवा धरला तेव्हा कुठे ते तयार झाले. मी नाचले, जीव ओतून नाचले. दिल्लीत असं कधी नाचले नसेन.

लोक विचारतात, आता तुमचं घर कोणतं? दिल्लीत मला थोर म्हणतात, ऐकायला बरं वाटतं, पण ते घर नव्हे. त्या दिवशी खेळ संपल्यावर शेजारची म्हातारी काकू आली, माझी अलाबला घेतली आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल असं म्हणाली, "बेस नाचलीस पोरी. पण तुह्या बापासारखी बाई काही तू दिसत नाहीस." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.