हात न लावता शाबासकी

आमच्या खराडीच्या ऑफिसात चांगलं काम केलं की ‘पॅट ऑन द बॅक’ मिळायचं. म्हणजे पाठीवर कौतुकाची थाप. प्रत्यक्षात कुणी पाठीला बोटसुद्धा लावत नसे. मेलवर एक रंगीत सर्टिफिकेट यायचं, खाली मॅनेजरची छापील सही. पहिलं मिळालं तेव्हा मी वेड्यासारखी प्रिंट काढून हडपसरला घरी आणली. बाबांना दाखवायची होती ना!

बाबा कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. चष्मा लावून त्यांनी कागद वाचला, अर्थ विचारला. मी सांगितला.

“मग थोपटली कुणी?”

“अहो बाबा, कुणी नाही. सिस्टीममधून येतं ते.”

“अस्सं. सोवळ्यातली शाबासकी दिसतेय.”

असा संताप आला मला! या माणसाने उभ्या जन्मात माझी पाठ थोपटली नव्हती. दहावीला शाळेत पहिली आले, अख्खी आळी पेढे खायला आली, तर हे म्हणाले, “गणितात चार मार्क कुठे सांडले?” मंडईत कलिंगडं मात्र एकेक उचलून, कान लावून, प्रेमाने थापटून बघायचे. एकदा मी तिथेच तणतणले, “कलिंगडांचं नशीब बघा!” कलिंगडवाली फिदीफिदी हसली. बाबांनी पुढचं कलिंगड उचललं.

त्यानंतर आणखी चार-पाच सर्टिफिकेटं मिळाली. हट्टाने एकही दाखवलं नाही.

आणि गेल्या उन्हाळ्यात आमची अख्खी टीमच कमी केली. पंधरा मिनिटांची मीटिंग, लॅपटॉप जमा, ओळखपत्र जमा, नमस्कार. भर दुपारी स्कूटरवरून घरी येताना नोकरीपेक्षा मला बाबांचीच धास्ती होती. त्यांनी सगळी उमर एकाच कारखान्यात काढलेली. “तुझंच काहीतरी चुकलं असेल,” एवढं जरी म्हणाले असते तरी मी कोसळले असते.

बाबा ओट्यापाशी कलिंगड चिरत होते. “आज लवकर?”

“काढलं मला, बाबा,” मी म्हणाले आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले. चाळिशीची बाई, पण अगदी हुंदके देऊन.

त्यांनी सुरी खाली ठेवली. हात लेंग्याला पुसले. आणि माझ्या पाठीवर थाप मारली. थाप कसली, धपाटाच तो! सवय कुठे होती त्यांना? मग दुसरी, जरा हळू. मग हात तिथेच राहिला, जड आणि ओलसर.

मला रडता रडता हसू आलं, रागही आला. “आता थोपटताय? पहिली आले तेव्हा का नाही?”

“तेव्हा थोपटायला अख्खी आळी होती,” बाबा म्हणाले. “आज कोण आहे?”