चौथी हाक

आधीच सांगून टाकतो, मी गणिताचा मास्तर आहे. गोव्यात डिचोलीच्या एका हायस्कुलात जन्म गेला. "सर, मी भूत बघितलं" म्हणणाऱ्या पोराला मी फळ्यापाशी उभं करतो आणि म्हणतो, "सिद्ध कर." या सदरातले तुमचे अनुभव माझी बायको मोठ्यानं वाचायला लागली की मी चहाचा कप घेऊन बाहेर जातो. आता हसायची पाळी तुमची. पण शेवटपर्यंत वाचून मगच हसा.

आम्ही तिथल्याच जवळच्या सर्वण गावचे. माझी मुलगी मुक्ता पोर्तुगालमध्ये कोइंब्रा या गावी शिकते. फार जुनं विद्यापीठ... टेकडीच्या माथ्यावर विद्यापीठ, उतारावर सगळं गाव आणि पायथ्याला मोंडेगो नदी. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि माझी आई तिच्याकडे गेलो होतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, माहेर तेरेखोलचं. गुडघे गेलेले, साखर आहे, बीपी आहे. पण हौस विचारू नका. पहिल्याच सकाळी बेकरीत जाऊन बिनधास्त "पाव" म्हणाली आणि त्या बाईनं पाव काढून दिला! झालं. मग खिडकीला जनेल, टेबलाला मेज, चमच्याला कुलेर — दिसेल त्याच्याकडे बोट दाखवून ही नाव घेणार आणि तिथली माणसं माना डोलावणार. "दिनू, हे आपलीच भाशा उलयतत रे," म्हणाली. मुक्ता हसून बेजार.

त्या दुपारी मी मात्र चिडलेलो. जुनं ग्रंथालय बघायची तिकिटं तीन-वीसची होती. तिथे ठरल्या वेळी दार उघडतात, पंधरा-वीस माणसं आत घेतात आणि दार लावून टाकतात. चुकलं की गेलं. आणि आई प्रत्येक जनेलापाशी थांबतेय... विद्यापीठाच्या मोठ्या चौकात पोचलो तेव्हा तीन वाजून पंधरा मिनिटं झाली होती. पुढे पायऱ्या उतरायच्या होत्या.

"माज्यान जावचा नाय," आई म्हणाली. "मी हंयच बसतंय. तुमी जावा."

"मग आलीस कशाला एवढ्या लांब? घरीच बसायचं होतंस."

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. आई सावलीतल्या दगडी बाकावर जाऊन बसली. तिच्या गोळ्यांची पिशवी माझ्याच खांद्यावर होती. फोन ती वापरत नाही. मी म्हटलं, "इथून हलू नको. मी हाक मारल्याशिवाय उठायचं नाही." जरा जोरातच म्हटलं.

तीन-पन्नासला आम्ही बाहेर आलो. बाक रिकामा!

आधी वाटलं, बाथरूमला गेली असेल. मुक्ता आत बघून आली. मग चौक पालथा घातला, दोन्ही दारं, देवळासारखं ते छोटं चर्च... कुठेच नाही. ऊन असं की दगड भाजत होते. मुक्ता पोलिसांशी बोलायला गेली आणि मी गल्ल्यांत घुसलो. "आई!" म्हणून ओरडायचं, कान द्यायचा, पुढच्या गल्लीत पळायचं. तिथे एक उभा जिना आहे, त्याच्या नावाचा अर्थच पाठमोड. तो मी तीनदा चढलो-उतरलो. भेटेल त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवत होतो. माणसं हात जोडल्यासारखं करून नाही म्हणायची. तिची दुपारची गोळी चुकली होती. तिला तिथली भाषा नाही, घराचा पत्ता नाही. एका वळणावर मी भिंतीला डोकं टेकून चक्क रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस! मनात एकच... जाता जाता मी तिला काय बोललो, तर घरी बसायचं होतंस.

आणि तिथेच मला आठवलं. आमच्याकडे परक्या जागी एका हाकेला ओ देत नाहीत. दुसरीलाही नाही. जी माणसं नव्हेत ती दोनदाच हाक मारू शकतात. तिसरी येते ती माणसाचीच. लहानपणी आईनंच आम्हाला हे घोकून घेतलं होतं, आणि मी त्यावरून तिची आयुष्यभर थट्टा केली. म्हणजे मी एकेक हाक मारून पळत होतो आणि ती कुठेतरी कोपऱ्यावर, दुसरीची, तिसरीची वाट बघत गप्प बसली असेल तर?

त्याच सगळ्या गल्ल्या मी पुन्हा केल्या. प्रत्येक तोंडाशी उभं राहून तीन हाका. आई, आई, आई. लोक खिडक्यांतून बघत होते, बघू देत. एका म्हातारीनं मला पाणी आणून दिलं.

उत्तर कुठूनच आलं नाही. शेवटी मी नदीकडे उतरलो. का उतरलो ते लिहवत नाही, पण मी आधी पाण्यातच बघितलं.

आई पुलाजवळच्या बाकावर बसली होती. चपला काढून शेजारी ठेवलेल्या. चेहरा शांत.

"पाणी हाडूक गेल्लंस मां? इतको वेळ?" तिनं विचारलं, जणू मी पाणी आणायलाच गेलो होतो.

मी पिशवी उघडली. गोळी दिली, पायाशी बसलो. मग म्हटलं, "इथे कशी आलीस तू?"

"कशी म्हणजे? तूच हाडलंस."

तिनं सांगितलं ते असं. आम्ही आत गेल्यावर थोड्याच वेळात मी तिला हाक मारली. एकदा... ती उठली नाही. दुसऱ्यांदा... नाही. तिसऱ्यांदा मारली तेव्हा उठली. "आये" म्हणून मारली. लहानपणी मी तिला आये म्हणायचो. म्हापशाला कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली, तेव्हापासून आई. हे मुक्तालासुद्धा माहीत नाही. मग म्हणे मी तिचं कोपर धरून सगळ्या पायऱ्या उतरवल्या. दर दहा पायऱ्यांवर बसवलं. गुडघे चोळून दिले. मघाशी बोललो त्याची माफी मागितली.

"सकाळपासून पयल्यांदाच मायेन उलयलंस," आई म्हणाली.

मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. उन्हानं भोवळ आली असेल, कोणीतरी भला गोवेकर भेटला असेल, असा मीच माझ्यापुरता हिशोब मांडला. पण दुसऱ्या दिवशी चौकाच्या दारावरचा माणूस मला बघून हसला. आदल्या दिवशी आमची शोधाशोध सुरू व्हायच्या आधीच त्याची ड्युटी संपली होती. तो काय बोलला ते मुक्तानं मला सांगितलं. "काल तुम्ही आईला किती जपून उतरवत होता. माझ्या मुलाला सांगितलं मी घरी."

त्या वेळी मी ग्रंथालयाच्या बंद दारामागे होतो. मुक्ता माझ्या शेजारी होती. आता सिद्ध करा.

परत आल्यावर आईला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. ती घाबरली नाही. पण तेव्हापासून मी चहाला हाक मारतो, एक, दोन, तीन, आणि ती माझ्याकडे टक लावून बघते. उठत नाही. चौथी मारावी लागते. तीन हाका त्यानंही मारल्या होत्या ना!

तो कोण होता, मला माहीत नाही. त्यानं आईचं काही वाईट केलं नाही, उलट जे मी करायचं ते केलं. चौथ्या हाकेला आई उठते, माझा चेहरा नीट न्याहाळते आणि "तूच मां, दिनू?" म्हणते. मी हो म्हणतो. त्यावर तिला बरं वाटतं की वाईट, हे मला अजून विचारवलेलं नाही.